आधी पडायला शिका : ज्युदो क्लबविषयी वाचकांचे प्रश्न

ज्युदो क्लबमध्ये नव्याने दाखल झालेल्या, तसेच मुलांना आत सोडून बाहेरच्या बाकावर तास संपायची वाट पाहणाऱ्या अनेक वाचकांची पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून ज्युदो शिकते आहे. आजवर तिला मुख्यतः पडायलाच शिकवले जात आहे. डाव असा एकही धड शिकवलेला नाही. सगळीकडे असेच असते, की क्लब नुसता वेळ काढतो आहे? — एक आई

सुरुवात पडण्यानेच होते आणि तशीच व्हायला हवी. पडण्याच्या या तंत्राला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीकडे ओढून नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके मॅटला लागत नाही; आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, मॅटवर सपाट आपटायचे. हे हात शरीरापासून साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांवर असावेत. ते फार वर गेले तर धक्का खांद्यात जातो आणि फार जवळ राहिले तर कोपर अंगाखाली सापडते. तोल जाताच हात मागे टेकवण्याची जी उपजत सवय आपल्या सर्वांना असते, ती मोडणे हाच या सरावाचा खरा हेतू आहे, कारण मनगटाच्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या कितीतरी दुखापती त्या एका सवयीमुळे होतात. ही सवय समजावून सांगितल्याने जात नाही. प्रथम आडवे पडून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने, अशा चढत्या क्रमाने पुन्हा पुन्हा पडूनच ती जाते.

तरीही तुमच्या शंकेत थोडे तथ्य आहे. स्वतःच्या मर्जीने पडणे आणि दुसऱ्याने पाडल्यावर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा सराव जोडीदाराशिवाय होत नाही. दोन महिन्यांत तुमच्या मुलीला एकदाही कुणी अलगद, बाही धरून पाडले नसेल, किंवा केसा-गातामेसारखी जमिनीवरची साधी पकडही दाखवली नसेल, तर प्रशिक्षकांना त्यांचा पुढचा बेत काय आहे हे अवश्य विचारावे. चांगला प्रशिक्षक अशा प्रश्नाने दुखावत नाही. पुढच्या वेळी बाकावर बसाल तेव्हा पाडणाऱ्या मुलांकडे लक्ष द्या: जोडीदार खाली जात असताना ती त्याची बाही वर ओढून धरतात का? ज्या क्लबात लहान मुलांनाही ही सवय लागलेली दिसते, तिथे मूल निर्धास्तपणे सोडावे.

प्रश्न : वय एक्केचाळीस, काम दिवसभर बसून करण्याचे. आता ज्युदो सुरू करणे शहाणपणाचे ठरेल का? तरुण मुलांबरोबर रँदोरी करण्याची धास्ती वाटते. — एक वाचक

सुरू करा, मात्र आधी डॉक्टरांना गुडघे, पाठ आणि रक्तदाब दाखवून घ्या. आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रौढांच्या 'व्हेटरन्स' स्पर्धा वयाच्या तीस वर्षांपासून पुढे, पाच-पाच वर्षांच्या गटांत होतात, त्यामुळे मॅटवर तुमच्या वयाचे कुणी दिसले तर आश्चर्य वाटू नये.

रँदोरी म्हणजे मोकळा सराव. त्यात दोघेही आपापले डाव लावतात आणि आधी काहीच ठरलेले नसते. तिची धास्ती रास्त आहे, परंतु नवख्यांना दुखापत होते ती बहुधा पडण्यामुळे नव्हे, तर पडायचेच नाही या हट्टामुळे. डाव लागल्यावर मधेच अंग वळवणे, हात टेकवणे किंवा जोडीदाराच्या गळ्याला लोंबकळणे या तीन गोष्टी टाळा. डाव लागला की तो मान्य करून नीट पडावे आणि उठून पुन्हा पकड घ्यावी. पहिले काही महिने जमिनीवरची रँदोरी जास्त आणि उभ्याची कमी ठेवा, आणि उभ्याने करायची तर काळ्या किंवा तपकिरी पट्ट्याच्या अनुभवी माणसाबरोबर करा. नवख्याला सर्वांत जास्त धोका दुसऱ्या नवख्यापासूनच असतो.

शरण जायचे संकेत पहिल्याच दिवशी पक्के करून घ्यावेत. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा स्पष्ट थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने मारायची, नाहीतर तोंडाने 'माइत्ता' म्हणायचे. गळ्याचे डाव मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब देतात आणि ते नीट बसले तर काही सेकंदांतच शुद्ध हरपू शकते, म्हणून तिथे बाणेदारपणा दाखवू नये. थाप उशिरा मारणाऱ्याचे कौतुक करणारा क्लब असेल, तर दुसरा शोधावा.

प्रश्न : माझा हिरवा पट्टा आहे. उची-कोमी करताना माझा सेओई-नागे (जोडीदाराला पाठीवर घेऊन पाडण्याचा डाव) सगळ्यांना आवडतो, पण रँदोरीत तो एकदाही लागत नाही. मग उची-कोमीचा उपयोग काय? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उची-कोमी म्हणजे पाडण्याच्या अलीकडच्या क्षणापर्यंत डावात शिरणे, मागे येणे आणि पुन्हा शिरणे. तिच्यात जोडीदार जागच्या जागी उभा असतो, सहकार्य करतो आणि तुमच्या सोयीने तोलही देतो. डावाचे तीन टप्पे मानतात: तोल मोडणे, जागा घेणे आणि पाडणे, म्हणजे कुझुशी, त्सुकुरी आणि काके. तुमच्या वर्णनावरून दिसते की दुसरा टप्पा उत्तम घोटला गेला आहे आणि पहिला जोडीदार तुम्हाला फुकट देत आला आहे.

स्वतःचा बाही धरणारा हात तपासून पाहा. सेओई-नागेत हा हात मनगटावरचे घड्याळ पाहावे तसा वर आणि पुढे यायला हवा, कारण तेव्हाच समोरच्याचे वजन त्याच्या पायांच्या बोटांवर येते. बहुतेक जण तो खाली किंवा स्वतःच्या पोटाकडे ओढतात. त्यामुळे समोरचा उलट टाचांवर घट्ट रोवला जातो आणि तुम्ही त्याला पाठीवर घेण्याऐवजी त्याच्याखाली वाकून अडकता. दुसरी जागा गुडघ्यांची आहे. कमरेत वाकून शिरणारा आणि गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून शिरणारा हे दोघे वेगाने पाहिल्यास सारखेच दिसतात, पण पहिल्याच्या आणि जोडीदाराच्या अंगात फट राहते, आणि त्या फटीतूनच डाव सुटतो.

उपाय असा की उची-कोमी चालत्या पावलांनी करा. जोडीदाराला मागे, पुढे, बाजूला सरकायला सांगा आणि त्याचे पाऊल पडण्याच्या बेतात असताना शिरा. दहापैकी निदान दोन वेळा खरोखर पाडून पूर्ण करा. शिवाय रँदोरीत सेओई-नागेने सुरुवात करण्याऐवजी आधी ओ-उची-गारीने, म्हणजे त्याचा पाय आतून झाडणाऱ्या डावाने, त्याला मागे रेटा. तो सावरण्यासाठी पुढे झुकला की तुम्हाला हवी असलेली कुझुशी आपोआप मिळते.

आणखी एक गोष्ट विचारतो. उची-कोमीत डाव घेऊ देणारा जोडीदार होण्याची तुमची पाळी येते तेव्हा तुम्ही काय करता? अनेक जण त्या वेळी इकडेतिकडे पाहत उभे राहतात. नागे-नो-काता या ठरलेल्या क्रमाने डाव दाखवण्याच्या प्रकारात पंधरा डाव दोन्ही बाजूंनी होतात, म्हणजे एका माणसाने तीस वेळा पडायचे असते, आणि जाणकार परीक्षक पाडणाऱ्याइतकेच पडणाऱ्यावरही लक्ष ठेवतात. योग्य तेवढा विरोध आणि योग्य वेळी हालचाल देणारा जोडीदार मिळाला तर उची-कोमीचा कस वाढतो. तुम्ही तसे झालात तर तुम्हालाही तसेच मिळू लागतील.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षे झाली तरी नारिंगी पट्ट्यावरच आहे, शेजारच्या क्लबमधला त्याचा मित्र मात्र हिरव्यावर गेला. हा अन्याय नाही का? — एक वडील

नाही. परीक्षांचे अंतर आणि अभ्यासक्रम संघटनेनुसार आणि प्रशिक्षकानुसार बदलतो. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान हे ज्युदोचे विद्यालय सुरू केले तेव्हा रंगांची ही शिडी नव्हतीच. पिवळा, नारिंगी, हिरवा हे पट्टे पुढे युरोपात रूढ झाले आणि त्यांचा मोठा उपयोग मुलांचा उत्साह टिकवण्यासाठीच होतो. दोन्ही मुलांनी एकदा एकमेकांबरोबर सराव करावा, म्हणजे पट्ट्याच्या रंगाची चर्चा त्यांच्यापुरती तरी मिटेल. ती पालकांमध्ये किती काळ चालेल हे सांगता येत नाही.

प्रश्न : क्लबमध्ये दोघातिघांना नायटा झाला आहे. प्रशिक्षक म्हणतात की मलम लावा आणि या. हे बरोबर आहे का? — नाव न देण्याच्या अटीवर

बरोबर नाही. नायटा हा बुरशीचा संसर्ग असून तो त्वचेच्या स्पर्शाने, तसेच मॅट, टॉवेल आणि गी (ज्युदोचा पोशाख) यांच्यामार्फतही पसरतो, आणि ज्युदोत तर गाल, मान व हात सतत घासले जातात. ज्याला चट्टा दिसतो त्याने त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि ते सांगतील तोवर मॅटवर येऊ नये. औषधाच्या दुकानातून मनानेच घेतलेल्या मलमात स्टेरॉइड असेल तर खाज तात्पुरती कमी होते, पण चट्टा ओळखू येईनासा होतो आणि आतून पसरतो. गी प्रत्येक सरावानंतर धुवावी आणि पिशवीत दडपून न ठेवता वाऱ्यावर पूर्ण वाळवावी. सुती असल्याने ती गरम पाण्यात आटते, एवढे लक्षात ठेवावे. नखे कापलेली असावीत, मॅटबाहेर चपलेशिवाय पाऊल टाकू नये आणि स्वच्छतागृहातून अनवाणी येऊन मॅटवर चढणाऱ्याला, मग तो कितीही ज्येष्ठ असो, तिथेच थांबवावे. मॅट जंतुनाशकाने रोज पुसण्याची जबाबदारी कुणाची आहे, हे क्लबने लिहून लावावे.

प्रश्न : माझ्या वजनाची दुसरी मुलगी क्लबमध्ये नाही, म्हणून मुलांबरोबर सराव करावा लागतो. काही जण हातच लावायला कचरतात, तर काही सगळी ताकद लावतात. काय करावे? — वय एकोणीस

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा निपटारा प्रशिक्षकांनी करायचा आहे. तुम्ही प्रत्येक मुलाला समजावत बसू नये. जोड्या कुणाच्या लावायच्या हे रँदोरीआधी त्यांनीच ठरवावे, म्हणून सराव सुरू होण्यापूर्वी त्यांना बाजूला घेऊन कोणाबरोबर जमते आणि कोणाबरोबर नाही हे नावानिशी सांगा. स्पर्शाबद्दल काही वावगे वाटले तर ते त्याच दिवशी, घरच्यांना आणि क्लबच्या जबाबदार व्यक्तीला सांगावे. 'खेळात असे चालते' हे उत्तर स्वीकारू नये.

स्त्रियांना मॅटवर हक्काची जागा मिळायला फार वेळ लागला. पुरुषांचा ज्युदो १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्कला झाली आणि ऑलिंपिकमध्ये पदकांसह प्रवेश मिळायला १९९२ चे बार्सिलोना उजाडावे लागले. न्यूयॉर्कची ती स्पर्धा ज्यांच्या खटपटीमुळे भरली त्या रस्टी कानोकोगी यांनी १९५९ मध्ये पुरुषांच्या संघातून लढत जिंकली होती आणि त्या स्त्री आहेत हे कळल्यावर त्यांना पदक परत करावे लागले होते.

प्रश्न : ओ-सोतो-गारीने (पाय बाहेरून झाडून मागे पाडण्याच्या डावाने) पडताना माझे डोके मॅटवर आपटले. क्षणभर अंधारी आली, नंतर बरे वाटले. रविवारी स्पर्धा आहे, खेळू का? — एक खेळाडू

खेळू नका. अंधारी येणे हे मेंदूला धक्का बसल्याचे लक्षण असू शकते, आणि नंतर बरे वाटले म्हणून तो धक्का नव्हता असे ठरत नाही. डॉक्टरांना आजच दाखवा. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलटी झाली, झोप अनावर झाली, बोलणे अडखळले, हातापायात अशक्तपणा आला किंवा झटका आला, तर थेट रुग्णालयात जावे. परतीचा क्रमही ठरलेला असतो: पहिला एक-दोन दिवस आराम, मग हलके चालणे, मग एकट्याचा व्यायाम, मग न पाडता केलेली उची-कोमी, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच पडणे व रँदोरी. दोन पायऱ्यांमध्ये किमान एक दिवस जावा, आणि लक्षणे पुन्हा जाणवली तर एक पायरी मागे यावे.

ओ-सोतो-गारीत माणूस सरळ मागे जातो, म्हणून नवख्यांना डोक्याची गंभीर दुखापत होण्याचा धोका या डावात विशेष असतो. ज्याने तुम्हाला पाडले त्याने शेवटपर्यंत बाही वर धरली होती का, आणि तुमची हनुवटी छातीशी होती का, हे दोघांनी प्रशिक्षकांसमोर तपासून घ्यावे. मात्र ती तपासणी तुम्ही बाकावरूनच करायची आहे.