मणक्यातली गादी बदलून घेऊ का?

ऑपरेशनचा सल्ला मिळालाय, पण मन धजत नाही, अशा वेळी माणसं माझ्याकडे येतात. अलीकडे कंबरदुखीवाले बरेचदा एकच विचारतात: गुडघा बदलतात तशी मणक्यातली गादी बदलून घ्यावी का? धाराशिवकडच्या एका एसटी चालकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून गाडी चालवून कंबर धरलेली. पायात कळ फारशी नाही, दुखणं कमरेतच. एमआरआयमध्ये सगळ्यात खालची चकती, म्हणजेच गादी, झिजलेली दिसली. एका सर्जननी स्क्रू-सळ्या टाकून मणके जोडायचा सल्ला दिला, दुसऱ्यांनी कृत्रिम चकतीचा विचार करता येईल असं सांगितलं. पुण्याच्या मेहुण्याचा फोनवर आग्रह, "जोडू नका, बदलूनच घ्या." आईचं म्हणणं, मणक्याला सुरी लागली की माणूस खाटेवरच. बायको गप्प. आणि या चालकानं, त्यांना भाऊ म्हणू, दीड एकर जमिनीला गिऱ्हाईक बघून ठेवलेलं.

"कंबर गेली की स्टेअरिंग गेलं मॅडम. मग घरात मला कोन इचारतंय?"

पहिल्या भेटीत आम्ही ऑपरेशनवर थोडंच बोललो. नोकरी जाईल या भीतीनं त्यांना घाई झाली होती. ऑपरेशन नीट झालं तरी पुन्हा तासन्‌तास धक्के खात बस चालवता येईल का, हे त्यांनी एकाही डॉक्टरांना विचारलं नव्हतं. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

मी डॉक्टर नाही. पण सर्जनसमोर बसण्याआधी रुग्णाला काही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून त्या सांगते. कमरेची कृत्रिम चकती १९८० च्या दशकात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात आकाराला आली, अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली. बहुतेक प्रकारांत धातूच्या दोन तबकड्या आणि मध्ये टणक प्लास्टिक असतं. मणके जोडले की तिथली हालचाल थांबते. चकती बदलली तर हालचाल टिकावी आणि शेजारच्या मणक्यांवरचा ताण कमी राहावा, असा हेतू असतो. मात्र हाडं ठिसूळ असतील, मणका पुढे सरकला असेल, मागचे छोटे सांधे झिजले असतील किंवा हाड वाढून नस दबली असेल, तर हे ऑपरेशन सहसा करत नाहीत. चौकशीला येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच गळतात.

चकती बदलायच्या ऑपरेशनची वाट पोटाकडून असते. मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला साराव्या लागतात. क्वचित पुरुषांत नंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, म्हणजे मूल होण्यात अडचण येऊ शकते. हे ऐकून भाऊ चपापले. लाजेपोटी असे विषय राहून जातात, म्हणून मी मुद्दाम काढते.

नॉर्वेमध्ये १७३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना कृत्रिम चकती बसवली, बाकीच्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम आणि समुपदेशन दिलं. दोन वर्षांनी ऑपरेशनवाले सरस ठरले, पण दुसऱ्या गटालाही चांगला उतार पडला होता. कंबरदुखीनं रोजच्या कामात किती अडचण येते ते मोजणाऱ्या शंभर गुणांच्या मापावर दोन्ही गटांत फरक ८.४ चा, संशोधकांनी महत्त्वाचा मानायचा ठरवलेला फरक होता १०. ऑपरेशन वाईट, असा याचा अर्थ नाही. पण भाऊंनी दुसरा मार्ग धरलाच नव्हता. पट्टा, गोळ्या, ट्रॅक्शन, तेलमालिश सगळं झालं. व्यायामाचा छापील कागद मात्र आठवड्यात कपाटात गेला. आणि चकती झिजलेली दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असंही नाही. काहीच दुखत नसलेल्या चाळिशीतल्या माणसांतही सुमारे दोन तृतीयांश जणांच्या एमआरआयमध्ये झीज सापडते.

दुसऱ्या भेटीत मी ताईंशी, म्हणजे भाऊंच्या बायकोशी, एकटीशी बोलले. "जमीन इकली अन्‌ गुण नाही आला तर?" नवऱ्याला हिंमत द्यायची म्हणून त्यांनी हे गिळून ठेवलं होतं. मग तिघं बसून बोललो. गिऱ्हाईक बघण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे जा, हे ऑपरेशन आणि हे इम्प्लांट यादीत आहे का ते विचारा, असं सांगितलं. सर्जनसाठी प्रश्न कागदावर उतरवले: दुखणं याच चकतीचं आहे हे कशावरून? हाडांची घनता तपासायची का? अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? पुढे काही बिघडलं तर दुसरं ऑपरेशन कसं करतात?

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावते. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

भाऊंनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत व्यायाम धरला, आगारात हलक्या कामासाठी अर्ज दिला. काही महिन्यांनी आले तेव्हा दुखणं होतंच, पण रात्रीची झोप लागत होती आणि बसणं वाढलं होतं. जमिनीचा व्यवहार थांबवलाय. चकती बदलायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात ते आणि ताई दोघं सर्जनना भेटणार आहेत.