उपाशी तोंडं मोजा

प्रश्न : ताई, नमस्कार. चार महिन्यांपूर्वी गोव्याबाहेरच्या एका दुकानातून सन कोरल नावाचं प्रवाळ आणलं. मुठीएवढा केशरी गड्डा, २२ तोंडं (पॉलिप). टँक ३ फुटी आहे, वर चांगला भारी एलईडी. दुकानदार म्हणाला, भरपूर उजेड द्या आणि आठवड्यातून एकदा पाण्यात खाद्य सोडा, पुरे. आता तोंडं उघडत नाहीत आणि मधलं मांस आटून पांढरा सांगाडा दिसतो. उजेड आणखी वाढवू का? शेजारी झाडासारखं गुलाबी कार्नेशन कोरलही ठेवायचं मनात आहे. आणि ग्रँड आयलंडला डायव्हिंगला जातो, तेव्हा तिथला प्रवाळाचा एखादा तुटलेला तुकडा आणला तर चालेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने मला जास्त काळजी वाटली, पण समोर उपाशी जीव आहे, म्हणून आधी त्याचं खाणं.

उजेड वाढवू नका, कमी करा. सूर्य त्याच्या फक्त नावात आहे. शोभेच्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. सन कोरलच्या अंगात हे शैवालच नाही. समुद्रात ते कपारींच्या छताला, खडकांच्या पोटाखाली, जेटीच्या खांबांच्या सावलीत वाढतं आणि पाण्याबरोबर वाहत आलेले बारीक जीव पकडून खातं. तुमच्या भारी दिव्याने उघड्या पडलेल्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ तेवढं चढेल, आणि त्यावर मांस परत पसरणं अवघड होऊन बसेल. गड्डा खडकाच्या आडोशाला हलवा, पण वाहतं पाणी मिळेल असा.

मस्कतला आम्ही ९ वर्षं होतो. तिथे माझ्याकडे ३१ तोंडांचं सन कोरल होतं. एका वर्षी महिनाभर फोंड्याला आले, टँक शेजाऱ्यांवर सोपवून. त्यांनी रोज न चुकता पाण्यावर चिमूटभर खाद्य टाकलं. परत गेले तेव्हा मासे गुबगुबीत आणि कोरलची ९ तोंडं जिवंत. शेजाऱ्यांचा दोष नव्हता, एकेक तोंड वेगळं भरवावं लागतं हे मीच सांगितलं नव्हतं. एकाने खाल्लेलं दुसऱ्यापर्यंत पोचेल या भरवशावर राहू नका.

म्हणून रात्री बसा. दिवे मालवून तासभर होऊ द्या. आधी माशांना पोटभर खाऊ घाला, नाहीतर ते आणि टँकमधली शोभेची सुंगटं (कोळंबी) कोरलच्या तोंडातला घास ओढून काढतात. मग फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळल्यावर सुटलेलं पाणी ड्रॉपरने कोरलजवळ थोडं सोडा. वास लागला की निरोगी गड्डा पंधरा-वीस मिनिटांत फुगून स्पर्शिका बाहेर काढतो. तुमचा इतका खंगलेला आहे की पहिल्या रात्री काहीच होणार नाही, कदाचित आठवडाभर होणार नाही. माझ्या उरलेल्या ९ तोंडांतलं पहिलं अकराव्या रात्री उघडलं. रोज त्याच वेळेला वास द्या, त्याला सवय लागते.

उघडलं की पंप बंद करा. पाण्याच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून, बूच काढून, घुमटासारखा कोरलवर ठेवा. बाटलीच्या तोंडातून लांब ड्रॉपरने प्रत्येक पॉलिपला मायसिस किंवा ताज्या सुंगटाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा द्या. अर्ध्या तासाने उरलंसुरलं ओढून घ्या आणि पंप सुरू करा. पंप विसरून झोपू नका, घड्याळाचा गजर लावा. तब्येत सुधारेपर्यंत रोज थोडं, पुढे आठवड्यातून किमान तीनदा.

सुंगटं म्हापशाच्या बाजारातली चालतील, पण ताजी, न शिजवलेली, मीठ न लावलेली. सुकी नकोत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा मे महिन्यातच चपट्या पिशव्यांत भरून फ्रीझरला टाका.

इतकं मांस टँकमध्ये गेल्यावर पाणी बिघडणारच. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर चांगला हवा आणि दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला, आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून. मिरामारचं पाणी आणायचा मोह टाळा, पावसाळ्यात मांडवी गाळ आणि गोडं पाणी घेऊन तिथेच उतरते. तापमान २४ ते २६ अंश ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय ते जमत नाही. वीज गेली तर निदान एक पंप इन्व्हर्टरवर चालू द्या.

कार्नेशन कोरल नको. ते तुम्ही भरवू शकाल असे तुकडे खातच नाही. तांबड्या समुद्रातल्या अभ्यासातून १९९५ साली दिसलं की ते मुख्यतः वनस्पती-प्लवंगावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतं. ते चोवीस तास, सतत वाहत्या पाण्यातून मिळावं लागतं. घरच्या टँकमध्ये ते आकसत जाऊन काही महिन्यांत मरतं. ते पाहणं फार वाईट आहे.

आता ग्रँड आयलंड. नाही, तुटलेला तुकडासुद्धा नाही. सगळी दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे (पंख्यासारखी प्रवाळं) २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैदेची. शिक्षा नसती तरी मी हेच सांगितलं असतं. जून ते सप्टेंबर गढूळ, निमखाऱ्या पाण्यात तग धरून तिथला रीफ (प्रवाळांचा खडक) उभा आहे, आणि तुटलेला वाटणारा तुकडा बऱ्याचदा जिवंत असतो, पुन्हा चिकटून वाढतो.

सन कोरलही दगडी प्रवाळच आहे. दुकानाची पावती म्हणजे परवानगी नव्हे. ते कुठून आलं ते दुकानदाराकडून लेखी मागा आणि वनखात्याच्या वन्यजीव कार्यालयात स्वतः जाऊन सगळं उघड सांगा. दुसरं विकत घेऊ नका. आणि घाबरून हे समुद्रात सोडू तर अजिबात नका. ब्राझीलच्या किनाऱ्यावर बाहेरून आलेलं सन कोरल पसरून तिथल्या प्रवाळांना हटवत आहे.

कार्यालय सांगेल तोपर्यंत त्याला उपाशी ठेवू नका. आज रात्रीपासून एक वही घ्या, २२ पैकी किती तोंडं उघडली तो आकडा रोज लिहा आणि महिन्याने मला कळवा.