आरोपींची बाजू लढवणाऱ्या वकिलाला समाजसेवक का म्हणायचं?

आमच्या ठाण्यातल्या चाळीतले वकीलकाका गेले, तेव्हा खांदा द्यायला त्यांनी सोडवलेले रिक्षावाले आणि हमाल पुढे होते. मला तरी दुसरं उत्तर लागत नाही. कोर्टातून आले की ओट्यावर बसून जामिनाचे अर्ज लिहायचे. फी म्हणून कुणी मेथीची जुडी ठेवून जाई. आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही, हे ते रडणाऱ्या प्रत्येक आईला शांतपणे समजावत.

आणि हे उपकार नव्हेत, हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन 15100. काकांनी हा नंबर चाळीच्या जिन्यात खडूने लिहिला होता. पुसट झाला की त्यांचा ज्युनियर आजही गिरवतो.