तळ्याकाठची पेठ, माळवदाचे घर

सोलापूर शहराला नदी नाही. सीना आणि भीमा दोघीही शहराला लांबूनच वळसा घालून जातात. जुन्या पेठा वाढल्या त्या भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तळ्याच्या आसऱ्याने. अशा पेठेत राहायला जावे का आणि गेल्यावर जुन्या घराचे काय करावे, याबद्दलची पत्रे यावेळी निवडली आहेत. शेवटचे पत्र मात्र खऱ्या नदीकाठाहून आले आहे.

प्रश्न : जुळे सोलापुरातला फ्लॅट सोडून सत्तरीतल्या आई-वडिलांसाठी नव्या पेठेमागच्या बोळात दोन खोल्या बघतो आहोत. तिथे गाडी लागणार नाही, सगळे पायी होईल, असे नातेवाईक म्हणतात. खरे आहे का?

बरेचसे खरे आहे. किराणा, भाजी, औषधे, गिरणी, बँक, देऊळ हे सगळे हाकेच्या अंतरावर मिळते आणि संध्याकाळी तळ्याकडे चक्कर मारता येते. पण अंतर कमी म्हणजे चालणे सोपे असे नाही. फुटपाथ दुकानाच्या मालाने आणि दुचाकींनी अडलेला असला की म्हातारे माणूस रस्त्यावर उतरते, आणि पाठीमागून रिक्षा येते. म्हणून घर निवांत दुपारी बघू नका. संध्याकाळी साडेसहाला वडिलांना सोबत घ्या, घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत चाला आणि किती वेळा रस्त्यावर उतरावे लागले ते मोजा. रात्री अकराला पुन्हा एकदा जा. दिवे किती चालू आहेत, कुत्री किती आहेत, रिक्षा मिळते का, हे तेव्हाच कळते.

बोळाची रुंदी टेपने मोजा, आणि तीही सर्वांत अरुंद जागी. ओटा पुढे आलेला असतो, नाहीतर विजेचा खांब मध्येच असतो. तिथे ८ फूट मिळत नसतील तर रुग्णवाहिका तोंडाशीच थांबेल असे धरून चाला. घर तळमजल्याचेच घ्या, कारण लाकडी दादरावरून स्ट्रेचर वळत नाही. जोते दोन-अडीच फूट उंच असते आणि दोनच दगडी पायऱ्यांत चढायचे असते. तिथे ६ इंच उंचीच्या चार-पाच पायऱ्या बांधून घ्या आणि मुठीत मावेल असा सव्वा इंची पाइप कठड्याला लावा. जाडजूड शोभेचा कठडा हाताला धरता येत नाही.

प्रश्न : आमचे माळवद (लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छप्पर) गळते. दर उन्हाळ्यात वरून पांढरी माती टाकतो, तरी यंदा वळवाच्या पहिल्याच सरीत माजघर ओले झाले. गवंडी म्हणतो, सिमेंटचा कोबा करून टाका. करावा का? (उत्तर कसबा)

कोबा करू नका, आणि आता मातीही टाकू नका.

आधी वजनाचा हिशेब पाहा. १० बाय १० फुटांच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे कोरडी असताना सुमारे पावणेचारशे किलो, भिजली की त्याहून जास्त. दर वर्षी अर्धा इंच टाकली आणि जुनी काढली नाही, तर दहा वर्षांत त्याच तुळयांवर पावणेदोन टनांहून जास्त बोजा चढतो. पावसाळ्यात माळवदे बसतात ती बहुधा यामुळेच. लाकूड पूर्वीचेच, आतून थोडे खचलेले आणि वरचे ओझे वाढलेले. दोन इंची कोबा केला तर टनाहून जास्त भर त्यावर पडते. शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे हलते आणि कोबा हलत नाही, म्हणून दोन पावसाळ्यांत त्याला केसासारख्या चिरा जातात. पाणी चिरेतून उतरते पण वर उडून जात नाही. खाली किलच (कड्यांवर अंथरलेल्या लाकडी चिपा) कुजत राहतो आणि वरून सगळे ठणठणीत दिसते.

काम एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या आधी काढा. पहिल्यांदा आतून धिरे (उभे टेकू) द्या. प्रत्येक तुळईखाली चार-चार फुटांवर, वर आणि खाली फळी घालून. जमीन मातीची असेल तर खालची फळी रुंद हवी, नाहीतर धिराच जमिनीत रुततो. मग माळवदावर तीन ठिकाणी पहारीने खोदून मातीची जाडी बघा. एक फूट निघाली तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. माती दोन्ही बाजूंनी सारखी, पट्ट्यापट्ट्याने काढा. एका अंगाची सगळी काढून दुसऱ्या अंगाला ढीग केला तर तुळई एकीकडे उचलते आणि भिंतीतले तिचे टोक हलते. निघालेली पांढरी माती फेकू नका, चाळून पुन्हा वापरता येते.

लाकूड उघडे पडले की पेचकस घ्या आणि तुळईची भिंतीत गेलेली टोके टोचून बघा. मध्यभाग बहुतेक वेळा चांगला असतो, कुजते ते टोक, कारण भिंतीतली ओल तिथे साठते. पेचकस अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर ते टोक गेले असे समजा. अख्खी तुळई बदलावीच लागते असे नाही. भिंतीलगत नवा खांब देऊन चांगल्या लाकडाखाली आधार घेता येतो, पण त्या खांबाखाली दगडी तळखडा हवा. वाळवीचे औषध याच वेळी मारा, नंतर हात पोचत नाही.

पुन्हा भरताना क्रम जुनाच ठेवा. कड्यांवर (तुळयांवरच्या आडव्या लाकडांवर) किलच, त्यावर कडुलिंबाचा किंवा तरवडाचा पाला, त्यावर भुसा कालवलेल्या चिखलाचा दोन इंची थर. तो पूर्ण वाळू द्या, नाहीतर ओल पाल्यात अडकते. मग तीन इंच पांढरी माती पसरून, पाणी शिंपडून चोपण्याने ठोका. सगळे मिळून सहा इंचांच्या वर जाऊ नका. काळी माती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, ती उन्हाने भेगाळते आणि पावसाला वाट करून देते. पांढरी माती भिजली की तिचे बारीक कण सुटून भेगा बुजवतात, आणि क्षारांमुळे तिच्यावर गवत फारसे धरत नाही. गवताची मुळे म्हणजे पाण्याचे नळच.

दहा फुटांना अडीच-तीन इंच उतार पन्हळीकडे द्या. पन्हळ भिंतीबाहेर किमान दीड फूट आली पाहिजे. आखूड असली की पाणी भिंतीवरून ओघळते आणि मग गळती माळवदाची वाटते, असते भिंतीची. गळण्याच्या नेहमीच्या जागा तीन: कठड्याचा पाया, साण्याची (छतातल्या झरोक्याची) कड आणि पन्हळीचे तोंड. कठड्याच्या पायाला चुना आणि विटांच्या तुकड्यांची तीन इंची गोलाई भरा. काम झाल्यावर पाऊस येण्याची वाट न बघता दहा बादल्या पाणी ओता आणि आत जाऊन बघा.

दर वर्षी इतके जमत नसेल तर माळवदावर पत्रा चढवा. मध्ये दीड-दोन फूट हवा खेळती ठेवा, म्हणजे माती कोरडी राहते आणि मे महिन्यात आतला गारवाही टिकतो. सांगाड्याचे पाय मात्र भिंतींवर टेकले पाहिजेत, तुळयांवर नव्हे. पत्रा नुसते दगड ठेवून दाबू नका, वळवाचा वारा दगडासकट नेतो. ताडपत्री ही चार महिन्यांची सोय आहे. दसऱ्यानंतरही राहिली तर खाली ओल कोंडते.

प्रश्न : किल्ल्याजवळच्या आमच्या घराची मागची भिंत फुगली आहे. पाडून नव्याने दोन मजले बांधावे असा विचार आहे. कोणी म्हणते परवानगी मिळत नाही, कोणी म्हणते सगळे करतात. (सिद्धेश्वर पेठ)

हातोडा मारण्याआधी हे वाचा. भुईकोट किल्ला केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवे बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र, तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी काढून बांधता येते. महापालिकेचा बांधकाम परवाना याखेरीज लागतो, एक मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

१०० मीटरच्या आतले घर १६ जून १९९२ पूर्वीचे असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. पण कायद्याच्या व्याख्येत पुनर्बांधणी दुरुस्तीत मोडत नाही. इथेच लोक फसतात. भिंत धोकादायक आहे म्हणून सगळे घर भुईसपाट करतात आणि मग अर्ज घेऊन जातात. तोवर दुरुस्त करायला घरच उरलेले नसते. म्हणून आधी भिंतीला बाहेरून तिरके टेकू द्या, चारी बाजूंनी तारीख दिसेल असे फोटो काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या. घर १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावा म्हणून जुनी घरपट्टी, वीजबिल आणि मालमत्ता पत्रक जोडा. अंतर मोबाइलवरच्या नकाशात मोजू नका, मोजणी हद्दीपासून होते, बुरुजापासून नव्हे. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘सगळे करतात’ हे त्या वेळी सांगून उपयोग नाही.

प्रश्न : नळ चार-पाच दिवसांआड येतो. घरात पाच माणसे. हजार लिटरच्या दोन टाक्या माळवदावर ठेवल्या तर चालतील का?

नाही. भरलेली हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, आणि तोही जेमतेम नऊ-दहा चौरस फुटांच्या जागेवर. पाच माणसांना रोज १०० लिटरप्रमाणे पाच दिवसांचे २,५०० लिटर लागते. हा साठा जमिनीखालच्या हौदात करा आणि वर फक्त ३००-५०० लिटरची टाकी, तीही चौकात स्वतंत्र लोखंडी घोडीवर. हौद भिंतीपासून तीन फूट तरी लांब असावा. झिरपला तर मातीच्या भिंतीचा पाया भिजतो आणि पोपडे सुटू लागल्यावर लोक दोष रंगाला देतात. वाड्यात आड असेल तर बुजवू नका. धुणे-भांडी आणि फरशीसाठी त्याचे पाणी वापरले की नळाच्या पाण्यावरचा निम्मा ताण उतरतो.

प्रश्न : जुना वाडा विकत घ्यायचा आहे. एक भाऊ विकायला तयार आहे, समोरच्या खोलीत जुना भाडेकरू आहे.

एका भावाशी इसार करू नका. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर अजून आजोबांचे नाव असेल तर आधी वारसनोंद होऊ द्या, बहिणींसकट. दुय्यम निबंधकाकडे ३० वर्षांचा शोध घ्या आणि खरेदीखतावर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चे संरक्षण असू शकते आणि तो वारल्यावर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे भाडेहक्क जातो. ‘तो आज ना उद्या जाईल’ या भरवशावर किंमत ठरवू नका.

प्रश्न : गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत बाळीवेशीच्या बाजूला राहणाऱ्यांचे हाल होतात का?

हाल नाही, पण नियोजन लागते. १३ जानेवारीला ६८ लिंगांना तैलाभिषेक, १४ला अक्षता सोहळा, १५ला होमप्रदीपन. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर वाहने हलत नाहीत, म्हणून गाडी १२ तारखेच्या रात्रीच बाहेर लावून ठेवा, गॅस सिलिंडर आणि नेहमीची औषधे आधीच आणा. डायलिसिससारखे ठरलेले उपचार असतील तर वेळ बदलून घ्या. होम मैदानावरची गर्दी त्यानंतरही बरेच दिवस राहते. पाहुणे येणारच, तेव्हा शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर ठेवा.

प्रश्न : आमचे घर पंढरपुरात घाटाजवळ आहे. पूर आला तर पाणी ओसरल्यावर काय करावे?

आधीचे एक सांगून ठेवतो. केवळ उजनीचा विसर्ग ऐकू नका. वीर धरणातून सुटलेले पाणी नीरेतून येऊन नीरा नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते, तेव्हा दोन्हींची बेरीज धरा. मीटर आणि बोर्ड मागच्या पुराच्या खुणेच्या चार फूट वर घ्या.

पाणी ओसरले की लगेच आत धावू नका. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या असताना टिकल्या तरी पाणी उतरताना बसू शकतात, कारण बाहेरचा दाब जातो पण भिंतीचे पोट भिजलेलेच असते. बाहेरून ओळंबा लावून बघा, फुगवटा दिसला तर आधी टेकू द्या. मेन स्विच बंद आहे याची खात्री वायरमनकडून करून घ्या. गाळ ओला असतानाच फावड्याने काढा, वाळला की दगडासारखा होतो आणि काढताना जोत्याच्या दगडांमधल्या दर्जाही (सांध्यांची भर) उखडतात. खालचा तीन-चार फूट सिमेंटचा गिलावा असेल तर तो खरवडून काढा, त्याआड भिंत वाळत नाही. दारे-खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन महिने जाऊ द्या. नवा गिलावा द्यायचा तो चुन्याचा, दिवाळीनंतर, भिंतीला रात्रभर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्याखाली सकाळी दव धरले नाही तरच.