‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चे पहिले पर्व ब्लू-रेवर इतके स्वच्छ कसे दिसते? ते संगणकाने ‘वाढवलेले’ आहे का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. 1987 सालची ही अमेरिकी अंतराळ मालिका डीव्हीडीवर धूसर दिसत असे, मग ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीहून अधिक तपशील मावणाऱ्या डिस्कवर, ती काल चित्रित केल्यासारखी कशी दिसते, हा पहिला. आणि तिच्याच पाठोपाठ आलेल्या ‘डीप स्पेस नाइन’ला हे भाग्य का लाभले नाही, हा दुसरा. मी काही वर्षे पुण्यात व्हिडिओ संकलनाचे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या भागावर जरा विस्ताराने लिहितो.

संगणकाने वाढवलेले चित्र हे नाही. किरकोळ अपवाद सोडले तर ते मूळ निगेटिव्हवरून नव्याने घेतलेले आहे. ज्यांच्या घरी लग्नाच्या कॅसेटवरून मामांसाठी कॅसेट आणि मामांच्या कॅसेटवरून आत्यांसाठी कॅसेट निघाली, त्यांना प्रतीची प्रत कशी विटत जाते हे सांगायला नको. पण फोटो पिवळा पडला तरी निगेटिव्ह शाबूत असेल, तर स्टुडिओत जाऊन पुन्हा टवटवीत प्रत काढता येत असे. येथे नेमके तेच झाले. मात्र या निगेटिव्हवरून सरळ प्रत काढता येत नव्हती, आणि खरी मौज तिथे आहे.

मालिकेचे चित्रीकरण 35 मिलिमीटर फिल्मवर झाले होते. फिल्मच्या एका चौकटीत दूरचित्रवाणीच्या त्या काळच्या चित्रापेक्षा कितीतरी अधिक तपशील असतो. परंतु चित्रपटाप्रमाणे निगेटिव्ह कापून, जोडून त्याची अंतिम प्रत बनवलीच गेली नाही. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी रोजची रिळे व्हिडिओ टेपवर उतरवली जात आणि पुढचे संकलन टेपवरच होत असे. अमेरिकी प्रसारणाच्या त्या टेपवर चित्राच्या जेमतेम 480 ओळी होत्या. म्हणजे फिल्ममध्ये सगळे होते, पण तयार भाग म्हणून जे अस्तित्वात होते ते फक्त टेपवर. 2002 साली डीव्हीडी संच निघाले ते या टेपवरूनच. तेव्हा दोष डीव्हीडीचा नव्हता, तिला जे मिळाले तेच तिने दाखवले.

ब्लू-रेसाठी मग सातही पर्वांचे उत्तर-निर्मितीचे, म्हणजे चित्रीकरणानंतरचे, काम जवळपास पहिल्यापासून करावे लागले. 25 हजारांहून अधिक रिळे हाताळावी लागतील, असे मालिकेच्या मालक कंपनीने तेव्हा जाहीर केले होते. आधी रिळे शोधायची, मग जुना तयार भाग समोर ठेवून त्यातला प्रत्येक शॉट कोणत्या रिळातला, कितवा टेक आणि कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीपर्यंत वापरला आहे हे हुडकायचे, तो पुन्हा स्कॅन करायचा आणि जुन्या संकलनाशी चौकटीला चौकट जुळवायचा. हे काम किती कंटाळवाणे असते ते मी छोट्या प्रमाणावर अनुभवले आहे. अर्ध्या तासाच्या एका माहितीपटाची मूळ टेप खराब झाली होती, तेव्हा कच्च्या चित्रीकरणावरून तो पुन्हा जुळवताना माझे तीन आठवडे गेले होते. येथे तर 178 भाग होते.

स्पेशल इफेक्टचे प्रकरण याहून अवघड होते. मालिकेतील एंटरप्राइझ या अंतराळयानाची लहानमोठी प्रतिकृती फिल्मवरच चित्रित होत असे. यान एकदा, त्याच्या खिडक्यांमधले दिवे कॅमेऱ्याच्या वेगळ्या फेरीत, इंजिनांचा उजेड आणखी वेगळ्या फेरीत. या सगळ्या फेऱ्या, मागचे तारे आणि ग्रह एकमेकांवर चढवून एक चित्र करायचे काम मात्र व्हिडिओवर होत असे. सुदैवाने या वेगवेगळ्या फेऱ्यांची फिल्म जपलेली होती, त्यामुळे त्या पुन्हा स्कॅन करून, पुन्हा एकमेकांवर बसवून तीच दृश्ये नव्याने घडवता आली. शस्त्रांचे किरण किंवा माणसे विरघळवून दुसरीकडे नेणारा झगमगाट मात्र मुळातच व्हिडिओवर तयार झालेला असल्याने तो जुन्याशी मिळताजुळता नव्याने करावा लागला. ग्रहांची चित्रेही बरीचशी नवीन आहेत.

एक निर्णय मला विशेष भावतो. साठच्या दशकातील मूळ ‘स्टार ट्रेक’ 2006 पासून नव्या रूपात आणताना तिच्यातील याने संगणकावर बनवून टाकली होती, आणि त्यावर चाहत्यांत आजही दोन तट आहेत. येथे शक्य तिथे मूळ प्रतिकृतीचेच चित्रीकरण राखले. चौकटही जुनी 4:3 (रुंदी चार भाग, उंची तीन) ठेवली, कारण कडेची जागा मोकळी केली असती तर तिथे दिवे आणि सेटच्या कडा दिसल्या असत्या. डीव्हीडीचे चित्र 720 गुणिले 480 बिंदूंचे असते, ब्लू-रेवर ही 4:3 चौकट 1440 गुणिले 1080 बिंदू व्यापते. म्हणजे साडेचार पट बिंदू, आणि तेही फुगवलेले नव्हेत, तर फिल्मवरून आलेले.

पहिले पर्व जुलै 2012 मध्ये, मालिकेच्या पंचविसाव्या वर्षी, बाजारात आले. पहिलाच भाग, ‘एन्काउंटर ॲट फारपॉइंट’, मी डीव्हीडी आणि ब्लू-रे आळीपाळीने लावून पाहिला आहे. डीव्हीडीवर यान वळू लागले की त्याच्या तबकडीसारख्या भागाच्या कडेवर बारीक जिने सरपटल्यासारखे दिसतात आणि खिडक्यांचे दिवे एकमेकांत मिसळून पांढुरकी रेघ होते. ब्लू-रेवर खिडक्या मोजता येतात. नियंत्रण कक्षातील गालिच्याचा पोत कळतो, पहिल्या पर्वातल्या त्या अंगाला घट्ट बसणाऱ्या गणवेशाच्या सुरकुत्या दिसतात (बिचाऱ्या नटांची दया येते), आणि मागच्या फलकांवर प्रकाशाची चमक टाळण्यासाठी चिकटवलेले काळे पुठ्ठेही काही ठिकाणी उघडे पडतात. 1987 साली हे कोणाला दिसणार होते! चित्रात फिल्मचे बारीक दाणे आहेत. ते दोष समजून टीव्हीच्या सेटिंगमधून पुसू नयेत, नाहीतर चेहरे मेणाचे दिसू लागतात.

सगळेच निर्दोष होते असे नाही. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीच्या काही डिस्कवर आवाजाच्या वाहिन्या चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या आणि त्या बदलून द्याव्या लागल्या. दुसऱ्या पर्वाचे काम बाहेरील संस्थेकडे गेले आणि माझ्या मते ते पहिल्याच्या तोडीचे नाही. तरीही त्यात ‘द मेजर ऑफ अ मॅन’ या भागाची लांब आवृत्ती मिळते. प्रसारणाच्या वेळमर्यादेमुळे गाळलेली दृश्ये तिच्यात परत आली आहेत.

आता ‘डीप स्पेस नाइन’. तिचेही चित्रीकरण फिल्मवर आणि संकलन टेपवर झाले, त्यामुळे तोच मार्ग तत्त्वतः खुला आहे. परंतु तिच्या उत्तरार्धात यानांच्या लढाया संगणकावर बनू लागल्या आणि त्या दूरचित्रवाणीच्या तेव्हाच्या मापातच काढल्या गेल्या. तिथे परत स्कॅन करायला निगेटिव्हच नाही. दृश्य नव्याने बनवावे लागेल किंवा जुनेच फुगवावे लागेल. ‘बॅबिलॉन 5’ या दुसऱ्या अंतराळ मालिकेची 2023 मधील ब्लू-रे पाहा, तिथे नटांची दृश्ये फिल्मवरून आली, तर संगणकावरची वाढवून घेतलेली आहेत, आणि दोहोंतला सांधा डोळ्यांना लगेच जाणवतो. त्यात ‘नेक्स्ट जनरेशन’चे संच निघाले ते लोक डिस्क घेणे सोडून स्ट्रीमिंगकडे वळत होते त्याच काळात, विक्री अपेक्षेएवढी झाली नाही, तेव्हा पुढच्या मालिकेवर तेवढा पैसा ओतायला कोणी धजावले नाही.

आपण संच मागवणार असाल तर एवढे पाहा. डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालावी अशी विभागणी केलेली असते; भारत डीव्हीडीच्या विभागणीत पाचव्या, तर ब्लू-रेच्या विभागणीत ‘सी’ विभागात येतो. म्हणून परदेशातून येणाऱ्या कोणाला आणायला सांगण्यापूर्वी वेष्टनावरील विभागाची खूण आणि आपला प्लेअर जुळतो की नाही, हे विक्रेत्याला विचारून घ्या, आणि पहिले पर्व जुने, वापरलेले घेत असाल तर त्यातील डिस्क बदलून मिळालेल्या आहेत का, तेही.