दुधाचे खाडे मांडता, मग सांभाळण्याचे तास का नाही?

या महिन्यात चार पत्रं आली. तिघांना शेवटी थोडक्यात उत्तर देते, त्यांनी राग मानू नये. चौथं पत्र कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आलंय आणि ते आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. आधी ते पत्रच वाचा.

‘ताई, सिटी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची निवडणूक लढवावी असं शाळेतल्या पालकांनी आणि महाराष्ट्र मंडळातल्या काही जणांनी मला सुचवलं. विचार करून मी हो म्हटलं. धाकटी तीन वर्षांची आहे, थोरला सात. सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडेच आहेत, त्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. प्रचाराचे हिशेब बघणारी मैत्रीण म्हणाली की संध्याकाळी मी दारोदार फिरेन तेव्हा मुलांसाठी जी बेबीसिटर ठेवावी लागेल, तिचे पैसे प्रचारनिधीतून देता येतात. हे ऐकून नवरा म्हणाला, लोक निवडणुकीसाठी पैसे देणार आणि आपण त्यात आपली पोरं सांभाळून घ्यायची? मंडळात तोंड कसं दाखवायचं? मलाही ते पटलं. म्हणून माझ्या आईला सांगलीहून सहा महिन्यांसाठी बोलावतोय. तेव्हा प्रश्न पैशाचा नाही. आईला इथे करमेल का, एवढंच विचारायचं होतं.’

प्रश्न पैशाचा नाही! अगं, प्रश्न पैशाचाच आहे. तुझ्या मैत्रिणीने पैशाची वाट दाखवली, ती तुम्हा दोघांना लाजिरवाणी वाटली, म्हणून तुम्ही ते काम आईच्या अंगावर टाकलंत. आणि तुमच्या हिशेबी त्याला खर्च आला तो फक्त विमानाच्या तिकिटाचा. तू निवडणूक लढवतेस याचं मला फार कौतुक आहे. पण हे मी तुला रागावूनच सांगणार.

आधी कायद्याचं बघू. प्रचारासाठी गोळा केलेला पैसा उमेदवाराने घरखर्चाला वापरायचा नाही, हा अमेरिकेतला नियम कडक आहे आणि तो कडकच असायला हवा. घरभाडं, किराणा, मुलाच्या पोहण्याच्या क्लासची फी यातलं काही त्यातून भागवता येत नाही. फेडरल, म्हणजे देशपातळीवरच्या निवडणुकांसाठी कसोटी सरळ आहे: तुम्ही उमेदवार नसतात, तरी हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो तुमच्या खिशातून. उमेदवारीमुळेच उभा राहिला असेल, तर तो प्रचाराचा.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर ल्युबा ग्रेचेन शर्ली नावाची एक आई काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी उभी राहिली. दोन लहान मुलं होती, घरूनच काम करायची आणि मुलांना स्वतः बघायची. प्रचार सुरू झाल्यावर ते जमेना, म्हणून तिने फेडरल इलेक्शन कमिशनला, म्हणजे देशाच्या निवडणूक आयोगाला, रीतसर विचारलं की सांभाळणाऱ्या बाईचे पैसे प्रचारनिधीतून देऊ का. तिच्या बाजूने हिलरी क्लिंटन यांनीही कमिशनला कळवलं. त्याच वर्षी मे महिन्यात कमिशनने एकमताने होकार दिला. नोव्हेंबरमध्ये ती निवडणूक हरली, पण तो होकार पुढच्या सगळ्यांसाठी राहिला.

आणि तुझ्या नवऱ्याला हेही सांग. १९९५ मध्ये लुइझियानाच्या जिम मॅक्क्रेरी या काँग्रेस सदस्यानेही असंच विचारलं होतं. बायकोला प्रचाराच्या कार्यक्रमांना बरोबर न्यायचं असेल तेव्हा मुलासाठी बेबीसिटर ठेवू का? कमिशनने तेव्हाही परवानगी दिली होती. त्याच लुइझियानात २०१८ च्या शेवटी राज्याच्या निवडणुकीतल्या एका आईने परवानगी मागितली, तर निधीच्या वापरावर देखरेख करणाऱ्या तिथल्या एथिक्स बोर्डाने आधी नाही म्हटलं. त्याच बोर्डाने २००० साली एका पुरुष उमेदवाराला हो म्हटलेलं होतं. ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. म्हणजे वडिलांनी विचारलं तर तो खर्च, आईने विचारलं तर ते तिचं कर्तव्य. हा विचार काय आपल्याच घरांत आहे असं नाही.

तू काही काँग्रेससाठी उभी नाहीस, तुझी निवडणूक शहराची. तिथे कॅलिफोर्नियाचा कायदा लागतो. तिथेही २०१९ मध्ये कायदा होऊन प्रचारामुळे होणारा मुलांच्या सांभाळाचा खर्च निधीतून करायला मुभा मिळाली. न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी तसं केलं, टेक्ससच्या एथिक्स कमिशनने त्याच्याही आदल्या वर्षी. इतर राज्यांतल्या वाचकांनी आपापल्या राज्याचा नियम निवडणूक कचेरीत विचारून घ्यावा, शेजारच्या राज्यावरून अंदाज बांधू नये. तुझ्या मैत्रिणीने तुला चोरवाट दाखवलेली नाही. तिने कायदा वाचलाय. तिला खजिनदार म्हणून सोडू नकोस.

आता तोंड दाखवण्याचं. लोक पैसे कशाला देतात? तू त्यांच्या दारापर्यंत पोचावंस म्हणून. अंगणात लावायचे फलक, पत्रकांची छपाई, स्वयंसेवकांसाठी मागवलेला पिझ्झा हे सगळं त्याच पैशातून होतं आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. मग संध्याकाळी पाच ते आठ तू ज्या बाईच्या भरवशावर घराबाहेर पडू शकतेस, तिचे पैसे तेवढे लाजेचे कसे? पिझ्झा नसता तरी प्रचार झाला असता. ती बाई नसती तर तू दाराबाहेरच पडली नसतीस.

आणि ही मुभा नसेल तर निवडणूक लढवणार कोण, याचाही विचार कर. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. त्याआधी २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्यांनी स्वतःच्या पैशावर प्रचार केला होता. ज्याच्याकडे उद्योगातून आलेला पैसा आहे तो तसं करू शकतो, त्यात वावगं काही नाही. पण तीन वर्षांच्या मुलीची नोकरदार आई ते करू शकत नाही. तिला संध्याकाळचे तीन तास कोणीतरी मिळवून द्यावे लागतात.

हे मी इतकं तावातावाने का लिहितेय ते सांगते.

माझा मुलगा झाला तेव्हा आम्ही न्यू जर्सीत एडिसनला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. आई साताऱ्याहून आली, ऐन डिसेंबरात. सहा महिने तिने बाळ बघितलं, स्वयंपाक बघितला, मला नोकरीवर परत जाऊ दिलं. साताऱ्याच्या घरी ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडायची, मोलकरणीचे खाडे मांडायची, महिनाअखेरीला पैशापैशाचा हिशेब चोख. एडिसनलाही तिने तेच कॅलेंडर आणलं आणि त्यावर बाळाने किती वाजता किती औंस दूध घेतलं, ताप कधी होता, हे बारीक अक्षरात लिहून ठेवलं. ती गेल्यावर मी ते खाली उतरवलं आणि पानं उलटत बसले. सहा महिन्यांच्या एकाही चौकोनात तिच्या स्वतःबद्दल अक्षर नव्हतं. एक खाडा नाही. मी तिला नायगारा दाखवला होता आणि एक कोट घेऊन दिला होता, आणि मला वाटत होतं की फिटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या गावच्या स्कूल बोर्डासाठी उभं राहायचं माझ्याही मनात आलं. लागणाऱ्या सह्या मी गोळा केल्या होत्या. सासूबाईंना तेव्हा विसराळूपणाच्या पुढचं काहीतरी सुरू झालं होतं, त्या संध्याकाळी दार उघडून बाहेर चालू लागायच्या. त्यांच्यापाशी बसायला तासावर बाई मिळत होती. पण त्या पैशाचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही, घरातही नाही आणि बाहेरही नाही. ‘घरची अडचण आहे’ म्हणून मी माघार घेतली आणि सगळ्यांनी समजूतदारपणे मान डोलावली. ते सह्यांचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत. त्या वेळी एखाद्या खजिनदार मैत्रिणीने मला सांगितलं असतं की याला खर्च म्हणतात, तर निदान मी विचारून तरी बघितलं असतं.

म्हणून तुझ्या पत्रातली जी ओळ तू जाता जाता लिहिलीस, तिथे मी अडले. सासरे. कॅलिफोर्नियाचा २०१९ चा कायदा मुलांच्या सांभाळाबद्दल आहे, आजारी सासऱ्यांसाठी तो आपोआप लागू धरू नकोस. तुमच्या राज्यात प्रचारनिधीचे नियम बघणारं फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन उमेदवारांना लेखी सल्ला देतं. खजिनदाराकरवी लेखी विचार आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या मदतनिसाचे पैसे घरातून दे. फेडरल पातळीवर तेव्हाच्या काँग्रेस सदस्य केटी पोर्टर, तीन मुलांच्या एकट्या आई, यांनी मांडलेलं विधेयक २०१९ मध्ये हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, मंजूर झालं होतं. त्यात मुलांबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा सांभाळही होता. वरच्या सभागृहात, सेनेटमध्ये ते अडलं. कॅनडातल्या वाचकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मुलांच्या सांभाळाबरोबरच, उमेदवार एरवी ज्या आजारी किंवा अपंग माणसाचं करतो त्याच्या देखभालीचा खर्चही उमेदवाराचा वैयक्तिक निवडणूक खर्च म्हणून कायद्याने मान्य केलाय, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यातला बराचसा परत मिळू शकतो. आपल्या वयाच्या लोकांच्या घरात पाळण्यापेक्षा व्हीलचेअरच जास्त, त्यामुळे हे अमेरिकेतही व्हायला हवं आणि आपल्या मंडळांनी आपापल्या आमदार-खासदारांकडे ते मागायला हवं.

आता तुझी आई. ती व्हिजिटर व्हिसावर येणार. त्या व्हिसावर कामाचे पैसे घेता येत नाहीत, तेव्हा प्रचारनिधीतून तिला एक डॉलरही द्यायचा नाही, कोणी कितीही सुचवलं तरी. नातवंडांपाशी ती आजी म्हणून बसली तर त्यात काहीच गैर नाही. पण ती प्रेमाने सांगलीच्या पेन्शनमधून ‘माझ्याकडून प्रचाराला’ म्हणून काही द्यायला लागली तर हात जोडून नको म्हण. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या कोणाकडूनही निवडणुकीला पैसे घेणं गुन्हा आहे, आणि हे सिटी कौन्सिललाही लागू आहे. मंडळातली जी मुलं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांच्याकडूनही घ्यायचे नाहीत. पाकिटावर पाच डॉलर असले तरी नाहीत. ती मुलं फुकट पत्रकं वाटू शकतात, तेवढं करू देत.

आणि मुलांचा खर्च नीट वेगळा काढ. थोरला शाळेनंतर ज्या डेकेअरमध्ये तुझ्या नोकरीमुळे जातोच, ते बिल तुझं. शनिवारी सकाळी तू दारं वाजवत असताना बसलेली बाई, उमेदवारांच्या जाहीर वादचर्चेच्या रात्री बसलेली बाई, ती प्रचाराची. तारीख, तास, त्या वेळी तू कुठे होतीस हे लिहून ठेव आणि पैसे प्रचाराच्या खात्यातून सरळ तिला दे. १०० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले की प्रचाराच्या अहवालात तिचं नाव येतं आणि तो अहवाल कोणीही वाचू शकतं, म्हणून तिला आधी विचार. मुलांच्या बापाने त्यांना सांभाळलं तर त्याचं बिल होत नाही, हेही घरात स्पष्ट असू दे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी त्याने ते करावं असं माझं म्हणणं आहे. मंडळात तोंड दाखवण्याची काळजी त्याला आहे ना, मग त्या दोन संध्याकाळी मुलांना घेऊन त्याने खुशाल मंडळात जावं.

बाकीची पत्रं. न्यू जर्सीचे एक बाबा विचारतात की मुलगा मराठीतून उत्तरच देत नाही. अहो, तुम्ही मराठीत बोलत राहा, तो ऐकतोय. आजीशी रविवारी फोनवर एकट्याला बोलू द्या, मधे बसून भाषांतर करू नका.

शिकागोच्या बाईंना जावेने गणपतीचा अर्धा खर्च मागितला त्याचं वाईट वाटलंय. द्या. आणि मोदक कोणी केले, किती तास लागले, हेही त्याच कागदावर लिहा, मग निम्मं-निम्मं करा.

मेलबर्नच्या ताईंनी आईवडिलांना कायमचं बोलावू का असं विचारलंय. ते पत्र मोठं आहे, पुढच्या वेळी. तोवर आईवडिलांना हा प्रश्न वेगवेगळा विचारा, एकत्र बसवून नको.

आणि फ्रीमाँटच्या मुली, तू जे विचारलंस ते राहिलंच. आईला करमेल का? मला माहीत नाही, तिलाच विचार. मात्र तिकीट काढायच्या आधी विचार. तुझी संध्याकाळ कशी जाणार, सासऱ्यांचं काय काय करावं लागतं, बेबीसिटर कोणत्या दिवशी येणार आणि कोणते दिवस तिचे स्वतःचे, हे सगळं फोनवर नीट सांग. ती ‘बघू गं, येते मी, त्यात काय’ म्हणेल. तेव्हा परत एकदा विचार. ती काय म्हणाली ते मला कळव.