वर्कशीट आधी चुकीचं सोडवून बघ

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तयार फाइल नातवाकडून मोठ्या पडद्यावर उघडून घेतली. तिसरीची अख्ख्या वर्षाची टाचणं (कोणत्या तासाला काय, कसं शिकवायचं त्याची टिपणं), रंगीत वर्कशीटं, चित्रकार्डं, शिवाय प्रत्येक पाठाखाली शिक्षकांसाठी सूचना. ज्याने केलंय त्याने मन लावून केलंय. आणि तुझा प्रश्न एवढाच, की हे वापरलं तर चालेल का, कारण शाळेतल्या जुन्या बाई म्हणाल्या, "आयतं टाचण घेऊन वर्गावर जाते ती कसली शिक्षिका!"

वापर. बिनदिक्कत वापर. एकटीने सगळे विषय सांभाळायचे, वर मध्यान्ह भोजनाचा आकडा, ऑनलाइन हजेरी, पालकांचे फोन, आणि रात्री कोऱ्या कागदावर प्रत्येक तासाचं टाचण काढायचं, असा हट्ट धरणाऱ्या पोरी दिवाळीपर्यंत थकतात आणि मग वर्गात पाठ्यपुस्तक वाचून दाखवायला लागतात. ते मी पुष्कळ पाहिलंय. शिक्षक व्हायचं प्रशिक्षण तुमचं आता डी.एल.एड., आमचं पी.टी.सी. होतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन अशा ठरलेल्या पायऱ्यांनी आम्ही टाचण लिहायचो आणि ते आपलं स्वतःचं आहे असं समजायचो. त्या पायऱ्याही हर्बार्ट नावाच्या जर्मन विचारवंताच्या परंपरेतून आयत्याच आलेल्या. तेव्हा त्या बाईंचं मनावर घेऊ नकोस. (त्यांना बोलूही नकोस. चांगल्या आहेत त्या, वर्गात त्यांचा आवाज कधी चढत नाही.)

माझी कुरकुर वेगळी आहे. फाइल उतरवून घेतली, झेरॉक्स काढली, की तयारी झाली असं वाटायला लागतं. तुझ्या फाइलमधलंच एक पान घेऊन सांगते.

हातच्याच्या वजाबाकीचं वर्कशीट काढ. वर फुगे, कोपऱ्यात ससा, मध्ये दहा गणितं. त्यातल्या सात गणितांत हातचा लागतच नाही. ५८ वजा २३, ९६ वजा ४१, असली. म्हणजे ज्या मुलाला हातच्यातलं काही कळलेलं नाही त्याला दहापैकी सात मिळणार, तू स्टार देणार, घरी कौतुक होणार, आणि चौथीच्या बाई म्हणणार की याला तिसरीत काही शिकवलंच नाही. आता उरलेल्या तिनांतलं पहिलं बघ: ५२ वजा २७. बरोबर उत्तर २५. चुकणारी मुलं बहुधा ३५ लिहितात. पण ३५ दोन वाटांनी येतं. एका मुलाला दोनातून सात जात नाहीत असं दिसतं, म्हणून तो उलटं करतो, सातातून दोन घालवतो, पाच. मग पाचातून दोन, तीन. दुसरा मुलगा हातचा नीट घेतो, बारातून सात, पाच. पण दशकाच्या घरात पाचाचे चार करायला विसरतो, तिथेही तीन. दोघांच्या वहीत ३५. पहिल्याला कशातून काय काढायचं हेच उमगलेलं नाही, दुसऱ्याला जवळजवळ सगळं येतंय. त्या पानावर दोघं सारखेच ढ दिसतात.

आता त्याच जागी ५० वजा २७ घाल. उलटं करणारा ३७ लिहील. दशक कमी करायला विसरणारा ३३ लिहील. आणि "शून्यातून काही जात नाही" असं समजून एककात शून्यच ठेवणारा तिसरा एक असतो, त्याचं ३० येईल. तीन चुका, तीन वेगळी उत्तरं. वह्या गोळा करायचीही गरज नाही, बाकांमधून फिरताना नुसतं उत्तर बघितलंस तरी कोणाजवळ बसायचं ते कळेल. ३३ वाल्याला काड्यांचे पाच गठ्ठे दे, एक सोडायला लाव आणि उरलेले मोज म्हण. बहुतेक वेळा तो स्वतःच "ओह" म्हणतो. ३७ वाल्याला काड्यांनी लगेच फरक पडत नाही. त्याला बाजारात पाठवावं लागतं: हातात दहाच्या पाच नोटा, सत्तावीस रुपयांचा लीलो चेवडो (आपला बडोद्याचा चिवडा) घेतला, दुकानदाराला काय देशील, परत काय येईल? ३० वाल्याशी शून्याबद्दल बोलावं लागतं, आणि ते बोलणं पाच मिनिटांत संपत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

म्हणून माझी पद्धत सांगते. कुठलंही तयार वर्कशीट हाती आलं, की पेन्सिल घेऊन ते आधी चुकीचं सोडवायचं. वर्गातलं एखादं मूल डोळ्यांसमोर आणायचं आणि ते कसं चुकेल तसं सोडवायचं. चुकीच्या रीतीनेही उत्तरं बरोबर येत असतील तर ते पान तपासायच्या कामाचं नाही. सरावाला चालेल, रिकाम्या तासाला चालेल, पण त्यावरून कोणाला काय येतं हे ठरवू नकोस. दोन आकडे बदललेस की तेच पान कामाचं होतं. एवढ्याने टाचण तुझं झालं. नव्याने काढायची गरज नाही.

वाचनाच्या पानांना हीच कसोटी लाव. तिथे तर फसवणूक जास्त. हे वाच: "गंपूने सकाळी दोन भुरकणी झपली. भुरकणी कोणी झपली? किती झपली? केव्हा झपली?" तिन्ही उत्तरं तुला देता आली ना? भुरकणी म्हणजे काय ते मलाही माहीत नाही, आत्ताच बनवलं. तुझ्या फाइलमधल्या उताऱ्यांखालचे निम्म्याहून जास्त प्रश्न या जातीचे आहेत. उतारे चांगले आहेत, ते ठेव. प्रश्न मात्र एकच विचार, असा, की ज्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही पण उतारा कळल्याशिवाय देता येत नाही. खरं तर वाचनासाठी मी वर्कशीटपेक्षा पुस्तकच धरायला सांगेन. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन ये. १९१० साली सयाजीरावांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवल्या. आपल्या गावाला ही सवय शंभर वर्षांहून जुनी आहे, तिचा फायदा घे.

भूमितीचं पान असेल तर कागद फिरवून बघ. सगळे त्रिकोण पायावर सरळ बसलेले असतात. ते उलटे केले की मुलं म्हणतात, हा त्रिकोण नाही. अपूर्णांकांच्या पानांवर पिझ्झा असतो, नेहमी गोल. त्यामुळे अर्धं हे गोलाचंच असतं असं मुलांना वाटतं. खमणचं ताट घे, चौकोनी, त्याचे तुकडे कर.

आणि मगर. परिसराच्या पाठात तुझ्याकडे कापून चिकटवायचं पान आहे: पाळीव प्राणी एका रकान्यात, जंगली दुसऱ्यात, जंगली म्हणजे जंगलात राहणारे. हे पान ज्याने बनवलं त्याच्या गावातून विश्वामित्री वाहत नसणार. आपल्या पोरांनी मगर पुलावरून पाहिलेली असते, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर कित्येक सोसायट्यांत ती रस्त्यावर आली होती. एखादा नक्की विचारेल, बाई, मगर आमच्या घरामागे राहते, ती कुठे चिकटवू? तिथे "जंगली रकान्यात चिकटव" म्हणून पुढे गेलीस तर पाठ वेळेत संपेल. पण तो प्रश्न धरलास तर त्या तासाला मुलं स्वतः तिसरा रकाना काढतील, मग त्यात माकड येईल, कबुतर येईल, उंदीर येईल. रकाने महत्त्वाचे नाहीत, मुलांनी वर्गवारी करणं महत्त्वाचं. ते पान त्याचसाठी आहे.

पानातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे कसं ओळखायचं, असं तू विचारशील. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांचं काम बघ. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं, तिथे ताराबाई गेल्या. मॉन्टेसोरीची साधनं त्यांना तयारच मिळाली होती. लहानमोठ्या दट्ट्यांचा लाकडी ठोकळा असतो. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटचा कुठेच बसत नाही, आणि मुलाला आपली चूक आपणच कळते, बाईंनी सांगावं लागत नाही. हे त्या साधनाचं मर्म. साधनं मात्र महाग. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. लाकूड सोडलं, मर्म ठेवलं. तुझ्या फाइलमध्ये प्रत्येक पानाला विचार, मुलाला आपली चूक यात कुठे दिसेल? ती जागा सापडली तर ती ठेव. फुगे, ससे, इंग्रजी नावांची मुलं, बर्फ, सगळं बदललंस तरी काही बिघडत नाही.

आता बारीकसारीक. पैसे देऊन काही विकत घेण्याआधी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने उघडून बघ. तो सरकारच्या दीक्षा पोर्टलवर नेतो, ते २०१७ पासून आहे आणि फुकट आहे. मराठी माध्यमासाठी गुजरातपेक्षा महाराष्ट्राच्या विभागात जास्त सापडेल, पण तिथला पाठांचा क्रम आपल्या पुस्तकाशी जुळेलच असं नाही, तेव्हा पाठाच्या नावाने नाही, घटकाच्या नावाने शोध. एनसीईआरटीचा जादुई पिटारा, म्हणजे खेळातून शिकायच्या साहित्याचा संच, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तुझ्या वर्गातली मागे राहिलेली मुलं त्यातल्या खेळांत रमतील. झेरॉक्स काळीपांढरी निघणार असेल तर "लाल चेंडूंना गोल करा" असलं पान घेऊच नकोस, सगळे चेंडू राखाडी येतात. तयार टाचणात "गट करा: ५ मिनिटे" लिहिलेलं असतं, ते ज्याच्या वर्गात बाकं हलतात त्याच्यासाठी. आपल्या जड बाकांत चाळीस मुलांचे गट व्हायला पाव तास जातो. शेजारच्याशी जोडी कर, पुरे. आणि लॅमिनेशनचं वेड लावून घेऊ नकोस. रविवार जातो आणि सोमवारी त्या चकचकीत कार्डावर उजेड पडून मागच्या बाकांना काही दिसत नाही.

एआयकडून टाचण काढून घेतेस असंही लिहिलंयस. घे की. मिनिटात देतं. फक्त उत्तरसूची स्वतः तपास, आकडेमोडीत ते कधी कधी आत्मविश्वासाने चुकतं. आणि "टाचण दे" असं मागण्यापेक्षा असं विचार: या गणितात तिसरीची मुलं कोणकोणत्या चुका करतील, आणि प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येईल असे आकडे सुचव. मग ते काढून दाखवेल ते पेन्सिलीने पडताळून बघ. हे काम त्याला सांगण्यासारखं आहे.

राहिली दैनिक नोंधपोथी, म्हणजे रोजच्या पाठांची नोंदवही. सी.आर.सी., म्हणजे आपल्या भागातल्या शाळा बघणारे अधिकारी, येतील, बघतील, सही करतील. त्यात अध्ययन निष्पत्तीच्या (मुलांना काय यायला हवं त्या सरकारी यादीतल्या) क्रमांकासकट फाइलमधलं टाचण नीट उतरवून ठेव. सरकारी काम आहे, त्यात कुचराई नको आणि त्यात जीवही अडकवू नको. तुझ्यासाठी वेगळी खिशात मावेल अशी वही कर. तासाला अर्धं पान. आज विचारायचा एक प्रश्न, त्याची अपेक्षित चुकीची उत्तरं, आणि त्यांतली प्रत्यक्षात कोणी कोणती दिली त्यांची आद्याक्षरं. पुढच्या वर्षी तिसरीच मिळाली तर ही वही तुला कुठल्याही फाइलपेक्षा उपयोगी पडेल, आणि चौथी मिळाली तर जास्तच, कारण मुलं तीच असतील.

भागाकार पुढच्या आठवड्यात काढते आहेस म्हणालीस. त्याचं टाचण मला पाठवू नकोस. ८४ भागिले ४ आणि ८१२ भागिले ४, ही दोन गणितं फळ्यावर घाल आणि दुसऱ्याची जेवढी वेगवेगळी उत्तरं येतील तेवढी मला लिहून पाठव. मधलं शून्य गायब होऊन २३ येणारच, पण त्याशिवाय काय येतं ते मला बघायचंय.

काड्यांचे गठ्ठे आणि चिंचोक्यांचे डबे माझ्याकडे माळ्यावर आहेत. रविवारी दहानंतर ये, नातू काढून देईल. आईला नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई